दहा दिवस कुणाचे

खारेपाट, ता. अलिबाग
२० जानेवारी २०२५

कु. हेमाली हिस,
हिरामणकाकांचा आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तूही दिवेआगरला घरच्या माणसांत बरी असशील असं धरून लिहितो. तुझा पत्ता प्राप्तीच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडला. फोन नंबरही होता, पण मला फोनवर बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. प्राप्ती हसायची, म्हणायची, बाबा फोनवर फक्त श्वास घेतात.

पत्राचं कारण म्हणजे तुझा चष्मा इथे राहिला आहे. वाचायचा. नोव्हेंबरात तू गेलीस त्या सकाळपासून ओटीवरच्या खिडकीत आहे. तुझी सोनूकाकी रोज तो पदराने पुसते आणि परत तिथेच ठेवते. पोस्टाने पाठवून देऊ म्हटलं, तर म्हणाली, "फुटंल." मग तो विषय तिथेच राहिला.

इकडची खबर विशेष नाही. माझ्या पुतण्याने, धनेशने, दुसरा ट्रक घेतला. काकीचे गुडघे थंडीत धरतात. आमच्या जुन्या मिठागरात आता कोणी मीठ पिकवत नाही, पण उधाणाचं पाणी सवयीने आत येतं आणि सवयीने सुकतं. कडेला पांढरी रेघ उरते. सध्या सकाळी धुकं इतकं असतं की बांधावरून कोणी येत असेल तर आधी पाय दिसतात, मग माणूस. कधी कधी पाय दिसतात आणि मागून माणूस येतच नाही. मी तिथे थोडा वेळ उभा राहतो आणि घरी येतो.

मांडव्याच्या धक्क्यावर मी सव्वीस वर्षं भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी अंगात तेच घड्याळ आहे. दुपारी भरती असली की डोळा लागतो आणि एकच दिसतं. मुंबईहून लाँच आली आहे. माणसं उतरतात, पिशव्या उतरतात, कुणाची तरी सायकल उतरते. प्राप्ती उतरत नाही. ती आत खिडकीशी बसून कार्ड लिहिते आहे. मी हाक मारत नाही. तिचं लिहून व्हायचं आहे, लाँच थांबेल, असं वाटत राहतं. मग जाग येते.

कार्डांचंच तुला विचारायचं होतं.

तुला माहीतच असेल, पण लिहितो. तीन वर्षं ती मला साधारण महिन्याला एक पोस्टकार्ड पाठवायची. कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची, त्यातलाच काहीतरी अभ्यास, असं मी समजत होतो. एका कार्डावर एक शब्द. इंग्रजीत जवळच्या माणसाला जे शब्द आहेत ते पूर्वी काय होते आणि वापरून वापरून आता काय झाले, हा विषय. कोपऱ्यात बारीक आकडा. पहिलं कार्ड ‘नेबर’ शब्दाचं. म्हणजे जवळ राहून शेती करणारा. तिने खाली लिहिलं होतं, "बाबा, आपल्याकडे शेजारी कोण, तर ज्याचा बांध फुटला की आपलं शेत बुडतं तो. इंग्रजांचंही तसंच होतं. आता शहरात नेबर म्हणजे बंद दार."

मी उत्तर लिहायचो. काय लिहायचो, तर कार्ड पोचलं, शब्द समजला, बांध ठीक आहे.

एकदा ‘गॉसिप’ शब्द आला. तो पूर्वी चांगला शब्द होता म्हणे. बाळाला देवाच्या साक्षीने जी आपलं मानायची, आईच्या बाळंतपणात जी उशाशी बसायची, ती गॉसिप. मग उशाशी बसून ज्या गप्पा व्हायच्या त्यांना गॉसिप म्हणू लागले, आणि शेवटी नुसत्या चहाड्या उरल्या. मी हे काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे आपली चंद्राबाई. बालतपण पन करतं आन् गावभर सांगतं पन." चंद्राबाई शेजारच्या अंगणात लाकडं फोडत होती. "काय गो, माजा नाव कोन घेतं?" म्हणून तिने आवाज दिला. काकी म्हणाली, "इंग्रजीत घेतलाय, तुला न्हाय समजाचा."

प्राप्तीला हे मी कळवलं होतं. माझ्या पत्रांतलं तेवढं एकच तिला फार आवडलं.

माझ्याकडे एकतीस कार्डं आहेत. शेवटचं गेल्या ऑगस्टमधलं. त्यानंतर ती दवाखान्यातच होती. बत्तिसावं तिने लिहिलं होतं का? तुझ्याकडे किंवा ठाण्याच्या घरातल्या सामानात कुठे असेल तर कृपा करून पाठव. घाई नाही.

त्या दिवसांत गडबडीत तुझ्याशी नीट बोलणं झालं नाही. तेवढं मनावर घेऊ नकोस.

तुझा,
हिरामणकाका

ता. क. चष्म्याची डावी काडी सैल होती. मी स्क्रू आवळून ठेवला आहे.

 

खारेपाट
१५ एप्रिल २०२५

हेमाली,

तुझं पाकीट काल मिळालं. दिवेआगरचा शिक्का बघून पोस्टमन म्हणाला, "अण्णा, रोठा सुपारी आली का काय?" आत एक कार्ड होतं. तुझी चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून दोनदा झटकलं. नसणार हे मला माहीत होतं, तरी झटकलं.

बत्तीस आकडा आहे. अक्षर तिचंच, पण ओळी उतरणीला लागलेल्या. शब्द ‘इंटिमेट’. ती लिहिते, लॅटिनमध्ये याचा अर्थ सगळ्यात आतलं. आणि याच घरातला दुसरा शब्द तुम्ही जन्मभर वापरलात, बाबा, ऑफिसातलं इंटिमेशन. कळवणं. आतलं जे असतं ते कुणाला तरी कळवायचं, म्हणून दोन्ही एका घरचे. मग दोन ओळी मोकळ्या. मग लिहिलं आहे, "आता एक शब्द तुम्ही मला पाठवा. आपल्याकडे, आपल्या गावात, सगळ्यात जवळच्या माणसाला काय म्हणतात? मला हेमालीसाठी हवा आहे. ‘मैत्रीण’ म्हणत म्हणत मी दमले."

हे कार्ड तुझ्याकडे सात महिने होतं. तू ते वाचलं असणार. तरी तू कधी बोलली नाहीस, आणि मी मागितलं तेव्हा पाठवलंस.

मी ते काकीला वाचून दाखवलं. तिने भात उतरवला, वर झाकण ठेवलं, आणि म्हणाली, "मंग दे की उत्तर. एवढा शिकलाव."

उत्तर द्यायच्या आधी मला एक लिहिलं पाहिजे. जानेवारीत गडबड असा शब्द लिहून मी ते टाळलं. गडबड काही नव्हती. सगळं अगदी शांत होतं.

आमच्या गावात कोणी गेलं की लोक माझ्याकडे येतात, हे तुला प्राप्तीने सांगितलं असेल. मी जुना मॅट्रिक, घरात पंचांग, आणि माझ्या वडिलांनी सुतकाचे नियम लहानपणीच तोंडपाठ करून घेतलेले. लोक येऊन पायरीवर बसतात आणि एवढंच विचारतात, "अण्णा, आमाला किती दिस?" मी विचारतो, गेलं कोण, तुझं कोण. मग सांगतो. भाऊकीला दहा दिवस. लग्न न झालेली लेक गेली तर बापाच्या घरी दहा दिवस. लग्न झालेली लेक गेली तर आईबापाला फक्त तीन, कारण तिचे दहा दिवस तिच्या स्वतःच्या घरचे. लांबच्या नातलगाला नुसती आंघोळ. मी दिवस सांगितले की लोकांना बरं वाटतं. दुःख किती करायचं आणि कुठे थांबायचं ते कुणीतरी सांगितलेलं असतं. चाळीस वर्षांत माझं चुकलं असं कुणी म्हटलं नाही.

प्राप्तीला नेऊन आलो त्या संध्याकाळी भाऊकी अंगणात बसली होती. धनेशच्या अंगावर ओलं धोतर होतं. तू माजघराच्या दारात उभी होतीस, केस ओले, हात कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. चंद्राबाईने विचारलं, "अण्णा, आन् हिला किती दिस?"

मी वरही बघितलं नाही. चाळीस वर्षांच्या सवयीने तोंडातून आलं, "ती मैत्रीण. तिला सुतक नाही."

तू ते ऐकलंस. मोरीवर गेलीस, तुझा कप धुतलास आणि फळीवर पालथा घातलास. सकाळी पिशवी घेऊन पायरीशी आलीस. "निघते, काका." मी म्हटलं, "सांभाळून जा. तुला काही बंधन नाही." वर असंही म्हटलं, की तू देवळात जाऊ शकतेस, देवाला शिवू शकतेस. मला वाटत होतं मी तुला मोकळं करतोय.

चौदा वर्षं तुम्ही एका घरात राहिलात. गावात मी रूममेट म्हणून सांगायचो. शेवटचे तीन महिने दवाखान्यात तू होतीस, मी नव्हतो. मी दर रविवारी यायचो आणि तू माझ्यासाठी खुर्ची सोडून बाहेर जाऊन उभी राहायचीस. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी ते वाक्य बोललो.

मार्चमध्ये धनेश खताच्या गोणी घेऊन दिवेआगरला आला होता, ते तुला कळलं असेल. तुमच्याच वाडीच्या शेजारच्या वाडीत माल उतरवायचा होता. तू श्रीवर्धनला गेली होतीस. तुझी आत्या नीराबाई भेटली. तिने त्याला शहाळं दिलं आणि वादळात पडलेल्या माडांच्या जागी तू लावलेली रोपं दाखवली. धनेश घरी आल्यावर ओटीवर टेकला. मग म्हणाला, "अण्णा, ती पोरगी हितून गेली ती सरळ घरी गेली. दहा दिस चटईवं झोपली. डोक्याला तेल न्हाय, गोड न्हाय, देवाजवळ गेली न्हाय. आत्या तिला म्हनली, बाय, मैत्रिनीचा सुतक कंदी कोन धरतं? तर ती म्हनली, मी धरते."

मी विचारलं, "अजून काय म्हणाली?"

"अजून काय म्हनल? अकराव्या दिशी समुद्रावं जाऊन न्हाली आन् वाडीत कामाला लागली."

तुझ्या आत्याने हे कौतुकाने सांगितलं की तक्रारीने, ते धनेशला कळलं नाही. मला एवढंच सुचलं की तुला दिवस कुणी सांगितले नव्हते. तरी तू बरोबर दहाच मोजलेस.

शब्द शोधतो आहे. आमच्या बोलीत बघितले. सखी, सोबतीण, जोडीदारीण. लिहून पाहिले, एकही तिच्या कार्डापुढे ठेवावासा वाटला नाही. आठव्या कार्डावर ‘फ्रेंड’ आहे. ती म्हणते, हा शब्द मुळात प्रेम करणं या क्रियापदातून आला. जुन्या इंग्रजीत फ्रेंड म्हणजे प्रेम करणारं माणूस, दुसरं काही नाही. ‘फ्री’ हा शब्दही त्याच्याच रक्ताचा. घरातले जे आपले, लाडके, ते फ्री. बाकीचे गुलाम. मग लोक फ्रेंड कुणालाही म्हणू लागले आणि शब्द पातळ झाला. "मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत जाताना दाट होत जातं ना बाबा, शब्दांचं कधी कधी उलट होतं." हे कार्ड आलं तेव्हा मी उत्तरात काय लिहिलं होतं ते आठवत नाही. बहुतेक बांधाचंच काहीतरी.

हिरामणकाका

चष्मा खिडकीतच आहे.

 

खारेपाट
१८ ऑक्टोबर २०२५

चिरंजीव हेमाली,

अनेक आशीर्वाद. तुझं उत्तर आलं नाही आणि ते यायला हवं असं माझं म्हणणंही नाही. सहा महिने मीही लिहिलं नाही. आज धनत्रयोदशी. गावात आकाशकंदील लागलेत, आमच्याकडे यंदा नाही. काकीने दारात एक पणती तेवढी लावली. ठमीची पोरं येऊन चकल्या देऊन गेली.

ठमी म्हणजे आमच्या मागच्या आळीतली, प्राप्तीच्या वर्गात होती. तिचं सांगतो, कारण पत्र तिथूनच सुरू होतं.

भाद्रपदात ती माझ्याकडे आली. तिला जिने लहानाची मोठी केली ती कोकिळा म्हातारी गेली होती. कोकिळा तिची कोणी लागत नव्हती. ठमीची आई बाळंतपणात गेली, बापाने दुसरं घर केलं, तेव्हा शेजारच्या कोकिळेने पोरीला उचलून घरात नेलं, एवढंच. ठमी पायरीवर बसली आणि म्हणाली, "अण्णा, नात्यानं ती माजी कोन न्हाय. मला किती दिस?"

मी पंचांग उघडलं नाही. विचारलं, "तुला किती वाटतात?"

ती हसलीच. "आता काय मीच सांगू? मंग तुमचा पंचांग काय पाटाखाली ठेवाला हाय?"

"सांग तर."

हसता हसता तिचा चेहरा उतरला. अंगठ्याने पायरी खरवडत राहिली. म्हणाली, "मला तर दहा पन कमीच."

मी म्हटलं, "मग दहा धर. कुणी विचारलं तर अण्णाने सांगितलं म्हणून सांग." ती उठून गेली. फाटकापाशी पोचल्यावर तिला रडू आलं. चंद्राबाई बघत होती. दुसऱ्या दिवशी गावात झालं, की अण्णाला म्हातारपणी चळ लागला.

त्या दुपारी मी बत्तीस कार्डं ओटीवर ओळीने मांडली. उन्हं उतरेपर्यंत बसलो. वारा नव्हता. पूर्ण भरती होती, खाडी बांधाच्या काठापर्यंत येऊन थांबली होती, आणि पाण्यावर इतका उजेड होता की अक्षरं सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. एकेक कार्ड महिन्याने आलं तेव्हा तो एकेक शब्द होता. एका ओळीत बघितल्यावर तीन वर्षांचं एकच पत्र झालं. पोरगी मला एकच गोष्ट कळवत होती, दूरदूरच्या शब्दांतून, जेणेकरून बापाला दचकायला होऊ नये.

चौदावं कार्ड ‘कम्पॅनियन’चं. त्यात लॅटिन पाव आहे. ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा तो. आपल्याला पाव पोर्तुगिजांनी दिला आणि त्यांनाही तो शब्द लॅटिनमधूनच मिळाला, म्हणून ती लिहिते, "हा एकच इंग्रजी शब्द आहे ज्याच्यात आपल्या रेवदंड्याच्या बेकरीचा वास आहे." आणि मला आठवलं, तुम्ही एकत्र राहू लागल्याला बारा वर्षं झाल्यावर तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस ती रेवदंड्याहून गरम पाव घेऊन आलीस. टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून, म्हणजे एसटीत गार होऊ नयेत. आम्ही चौघांनी ते चहाबरोबर खाल्ले. काकी म्हणाली होती, "पोरगी कशी भाकरीवानी धरून बसली व्हती." ते कार्ड तू आल्यानंतर आठवड्याने आलेलं आहे. शिक्क्यावर तारीख आहे.

सत्ताविसावं कार्ड ‘निअर’चं. जवळ म्हणून आज जो शब्द वापरतात त्याचा मूळ अर्थ ‘आणखी जवळ’ असा होता म्हणे. लोक ते विसरले आणि आणखी जवळ म्हणायला त्यांना नवा शब्द करावा लागला. आणि ‘सगळ्यात जवळ’ याला जो जुना शब्द होता तो म्हणजे ‘नेक्स्ट’. आता नेक्स्ट म्हणजे रांगेतला पुढचा.

मला दवाखान्यातला तो कागद आठवला. शेवटच्या आठवड्यातला. नेक्स्ट ऑफ किन. तीन महिने सगळ्या कागदांवर तुझी सही होती. त्या दिवशी नर्सने विचारलं, "घरचं कोण आहे?" आणि तू हातातलं पेन माझ्याकडे दिलंस. मी नाव लिहिलं, हिरामण, नातं वडील. पत्ता लिहिला नव्वद किलोमीटर लांबचा. तू खुर्चीच्या मागे उभी होतीस. सत्ताविसावं कार्ड तेव्हा माझ्या कपाटात होतं.

आता मुख्य गोष्ट.

मी दिवस चुकीचे सांगितले. नियम बरोबर होता, मी गणित चुकीच्या जागेवरून सुरू केलं. मी धरलं की लग्न न झालेली लेक बापाच्या घरची, म्हणून दहा दिवस आमचे. पण प्राप्ती बापाच्या घरची राहिली नव्हती. तिचं घर होतं, चौदा वर्षं होतं, आणि त्यात तू होतीस. लेक स्वतःच्या घरी असेल तर तिचे दहा दिवस त्या घरचे. आईबापाला तीन. हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं आहे.

म्हणजे दहा दिवस तुझे होते आणि तीन आमचे. मी तुझे दहाही घेतले आणि तुला आंघोळीपुरतंही ठेवलं नाही. तू ते माझ्याकडे न मागता तुझ्या घरी जाऊन धरलेस.

गेलेले दिवस परत देता येत नाहीत. पंचांगात तशी सोय नाही. एक मात्र आहे. बातमी उशिरा कळली तर कळल्यापासून धरतात. वर्षाच्या आत कळली तर एक दिवस तरी धरावा लागतो. वर्ष उलटून गेलं की नुसती आंघोळ, मग त्या बातमीला काही अर्थ राहत नाही. प्राप्तीने मला बातमी एकतीस वेळा कळवली आणि बत्तिसाव्यांदा तुझ्या हातून कळवली. मला ती आता कळली आहे. वर्ष अजून उलटलेलं नाही.

कार्तिक वद्य षष्ठी सोमवारी, १० नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी तिचं वर्ष. तू आदल्या दिवशी ये. धनेश न्यायला येईल.

हे धनेशला सांगितलं. म्हणाला, "अण्णा, मी न्यायला जातो, त्याचा काय न्हाय. पन भाऊकी बसंल. पिंडाला पयला पानी तिनं घालाचा म्हनताव. कोनी विचारलं ही कोन, तर काय सांगाचा?"

काकी आतून मासे साफ करता करता म्हणाली, "सांग, अण्णाला इचारा. गेल्या वर्सी अण्णानंच सांगितलावता ना किती दिस? यंदा पन अण्णाच सांगंल."

तेव्हा मी सांगणार आहे. अंगणात, सगळ्यांसमोर, चंद्राबाई विचारील तेव्हा. ती विचारणारच, आणि नाही विचारलं तर मी तिला विचारायला लावीन. मला जोरात बोलता येत नाही, पण फळ्यावर भरतीची वेळ लिहितो तितकं स्पष्ट बोलेन. म्हणेन, मागच्या वर्षी मी चुकलो होतो, हिचे दहा दिवस.

प्राप्तीच्या कार्डाला माझं उत्तर हेच आहे. सहा महिने शोधूनही मला शब्द सापडला नाही. आमच्या गावात सगळ्यात जवळच्या माणसाला शब्द नाही, दिवस आहेत. तेवढ्यावरच आम्ही माणूस ओळखतो. तू दहा दिवसांची.

पाट तुझा मांडलेला असेल. नाही आलीस तरी तो मांडलेलाच राहील, त्यावर दुसरं कोणी बसणार नाही. पण ये. चष्मा मी पाठवत नाही. तो लावून तू ही बत्तीस कार्डं काकीला वाचून दाखव. मी वाचतो तेव्हा ती म्हणते, तुमी वाचताव त पोस्टमन वाचल्यावानी वाटतं, पोरीचा आवाज येत न्हाय. तुझ्या वाचण्यात येईल असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

परवा दुपारी पुन्हा ती लाँच दिसली. या वेळी प्राप्तीचं लिहून झालं होतं. कार्ड तिने तुझ्या हातात दिलं आणि तू फळीवरून धक्क्यावर उतरलीस. ती आतच राहिली, खिडकीशी, हात हलवत. लाँच निघाली. मी आणि तू धक्क्यावर उभे होतो आणि पाणी भरत होतं.

येताना रेवदंड्याला धनेशला गाडी थांबवायला सांग. चार पाव घे. चौघांचे.

प्राप्तीचा बाप,
तीन दिवसांचा,
हिरामण